सरांच्या टेबलावरचं बेअरिंग

सरांचा कान गेलेला नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, काकूंना तर नाहीच. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. धारवाडजवळ केलगेरीच्या त्यांच्या घरी मी आजही दर रविवारी जातो, बंबासाठी भुशाचं पोतं देतो, चहा पितो आणि न सांगता परत येतो. जायची सवय झाली, तशी न सांगायचीही झाली.

सर हुबळीच्या एका मराठी शाळेत भूगोल आणि चित्रकला शिकवायचे. मी सातवीत त्यांच्या वर्गात होतो. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात मजूर, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, शाळेत परत मराठी. सर वर्गात आले की आधी काही बोलायचे नाहीत. खुर्चीमागे उभे राहून डोळे मिटायचे. आम्ही गप्प झालो की म्हणायचे, "तिसऱ्या बाकाचा खिळा निघालाय. बसणाऱ्यानं हलू नये." खिळा खरंच निघालेला असायचा.

माणसं निवृत्त झाली की काशीला जातात, नाहीतर मुलाकडे पुण्याला. सरांनी चाकांवरची करवत घेतली. ट्रॅक्टरच्या मागे जोडून शेतावर न्यायची, लोखंडी रूळ मांडायचे, त्यावर लाकडाचा ओंडका बांधायचा. ओंडका जागचा हलत नाही. पट्ट्याची करवत, तिच्या डोक्यावरची मोटर आणि ढकलणारा माणूस असं सगळं रुळांवरून पुढे जातं. शाळेच्या कमिटीतल्या एकानं म्हणे विचारलं, "सर, या वयात सुतारकी?" सर म्हणाले, "सुतार पुढे. मी फक्त पानं पाडून देतो." त्यांना फळ्या म्हणजे वहीची पानं वाटायची.

परवान्यासाठी त्यांनी जंगल खात्यात इतके हेलपाटे घातले, की तिथला शिपाई त्यांना बघून आपणहून खुर्ची सरकवू लागला. पुढे कुणी कागदाशिवाय झाड पाडून बोलावलं, तर सर ओंडक्याला हात लावायचे नाहीत. शेतमालक मास्तरांपुढे कन्नडमधून गयावया करायचा, "मेष्ट्रे, एक दिवसाचं तर काम." सर मराठीतूनच सांगायचे, "दाखला नाही, प्रवेश नाही." त्याला कळायचंही.

त्या वेळी तारिहाळच्या एका कारखान्यातली माझी नोकरी गेली होती. हुबळीच्या बाजारात सर समोर आले.

"तू मागच्या बाकावर बसायचास. खिडकीतून बाहेर बघायचास."

"होय सर."

"आता काय बघतोस?"

"काम बघतोय."

"मग ये की."

अशी मला नोकरी लागली. माझी चाळिशी जवळ आली होती आणि मी पुन्हा सातवीत बसलो.

सकाळी ओंडके मांडले की सर खडू घेऊन फिरायचे. प्रत्येकाच्या तोंडावर काहीतरी लिहायचे. सरळ सिल्व्हर ओक असला तर 'पहिला बाक'. गाठीगाठीचा बाभळीचा असला तर 'मागचा बाक', आणि माझ्याकडे बघून हसायचे. वाकड्या ओंडक्यावर 'पालकांना बोलावणे' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. शेतमालकाला वाचता यायचं नाही, तो विचारायचा, "एन बरदीरी मेष्ट्रे?" काय लिहिलंत? सर सांगायचे, "जरा त्रास देणार हा."

मग कापायच्या आधी एक गप्प बसण्याचा विधी. गड्यांनी बोलायचं नाही, बिडी ओढायची नाही, बैलाच्या गळ्यातली घंटासुद्धा कुणीतरी धरून ठेवायची. मोटर रिकामी सुरू करायची आणि सर डोळे मिटून तिच्याजवळ स्टुलावर बसायचे. त्यांनी मान हलवली की मी करवत लाकडात घालायची. त्यांचं एकच म्हणणं: "यंत्र आधी तोंडानं सांगतं, मग धुरानं. शहाण्यानं तोंडानं सांगितलेलं ऐकावं."

धारवाडात कानाची मिजास सगळ्यांनाच आहे. पानवालासुद्धा तुम्हाला सांगेल कालच्या मैफलीत निषाद कसा लागला. पण ती मिजास गाण्याची. सरांची पंख्यांची. काकू त्यांना ओढून गाण्याला न्यायच्या. एकदा मीही होतो. गवयाचा आलाप ऐन रंगात आलेला, लोक माना डोलावतायत, आणि सर वाकून कार्यक्रमाच्या माणसाला सांगतायत, "डावीकडचा दुसरा पंखा बंद करा. बेअरिंग गेलंय." तो म्हणाला, "सार, गाणं ऐका की." सर म्हणाले, "पंखा बंद केलात तर ऐकतो." त्यांना त्यानं तिथून उठवून मागे बसवलं. पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा तो पंखा उतरवलेला होता. नुसता हूक लोंबत होता. सर त्या हुकाकडे बघून संध्याकाळभर खूश.

काकू म्हणायच्या, "यांना सगळं ऐकू येतं. चार घरांपलीकडचा पंप ऐकू येतो. मी स्वयंपाकघरातून हाक मारलेली तेवढी येत नाही."

पण म्हणून सर कधी चुकत नसत असं नाही. ओंडक्यावर हातोडी मारून तो आतून भरीव की पोकळ हे सांगायची त्यांना फार हौस, आणि त्यात ते सपशेल चुकायचे. अळणावरकडे एका शेतावर त्यांनी आंब्याच्या ओंडक्यावर टकटक करून जाहीर केलं, "भरीव. अगदी पहिला बाक." करवत घातली तर आतून मुंग्यांचं अख्खं गाव बाहेर आलं. गडी पळाले. शेतमालक हसून हसून बांधावर बसला. सरांनी शांतपणे खडू काढला, त्या ओंडक्याच्या तोंडावरचं 'पहिला बाक' पुसलं आणि मोठं शून्य काढलं. खाली स्वतःची सही केली. "हे लाकडाचे मार्क नाहीत, माझे आहेत," म्हणाले. स्वतःला नापास करायला त्यांना वेळ लागायचा नाही. ही गोष्ट मी लक्षात ठेवायला हवी होती.

आता मोटरीचं सांगतो.

अळणावरच्या अलीकडे एका शेतात फणसाचे मोठे ओंडके होते. शेताला तिन्ही फेजची वीज दिवसातून थोडेच तास मिळते, त्यात पंप चालवायचे, त्यातच आमची करवत. त्या दिवशी वीज धड नव्हती. लाकूड ओलं. करवत निम्म्यात गेली की स्टार्टर पडायचा. स्टार्टर म्हणजे मोटरीचा राखणदार: मोटरीवर भलता ताण आला, तिन्हींतला एखादा फेज गेला, की तो खटकन पडतो आणि वीज तोडतो. तो पडला की सरांचा नियम होता, मोटर हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा सगळ्यांनी गप्प, पुन्हा डोळे मिटणं, पुन्हा मान हलवणं.

त्या संध्याकाळी हुबळीत माझ्या मेहुणीचा साखरपुडा होता. बायकोनं बजावून ठेवलं होतं की या वेळी तरी वेळेवर या, माझ्या माहेरचे काय म्हणतील. मी सरांना सकाळीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "होईल की." आणि प्रत्येक वेळी स्टार्टर पडला की स्टुलावर जाऊन बसत होते. मी घड्याळ बघितलं तर सगळ्या गड्यांसमोर म्हणाले, "हा सातवीत पण असाच. घंटेकडे कान, फळ्याकडे पाठ." गडी हसले. मला हसू आलं नाही.

जेवणानंतर सर हात धुवायला विहिरीवर गेले होते. मी स्टार्टरचं झाकण काढलं आणि आतला जो भाग खटकन खाली पडतो, त्याच्यात फणसाची एक कपची खोचून दिली. घट्ट. आता तो पडणार नव्हता. शेतावरचे लोक पंपाला हे सर्रास करतात. मी झाकण लावलं, स्क्रू फिरवले. यात माझ्या मनात काही वाईट नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. मनात होतं ते एवढंच, की आज हे लाकूड संपू दे आणि या माणसाचं हे ऐकणं एकदाचं बंद होऊ दे.

काम भराभर निघालं. सरसुद्धा म्हणाले, "आता वीज सुधारलेली दिसते." शेवटच्या ओंडक्यात करवत अर्ध्यावर असताना स्टुलावरून त्यांनी हात वर केला.

"थांब. फेज गेला. मोटर घोगरली."

मलाही आवाज बदलल्यासारखा वाटला होता. पण थांबलो असतो, तर त्यांनी झाकण उघडून बघितलं असतं.

"गाठ आलीय सर. फणस ओला आहे."

"गाठीचा आवाज वेगळा. हा फेजचा आहे."

"फेज गेला असता तर स्टार्टर पडला नसता का?"

सरांनी स्टार्टरच्या पेटीकडे पाहिलं. पेटी बंद होती. ते मास्तर होते. कुणी कारण दिलं की विचार करायचे, समोर सातवीतलं पोर असलं तरी. त्यांनी दोन्ही बाजू तोलल्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "पडायला हवा होता. चल."

हात त्यांनीच खाली केला.

मग जळक्या वार्निशचा वास आला. मोटरीतून पांढरा धूर आला, मग काळा. गड्यांनी आरडाओरडा केला. मी धावत जाऊन मेन स्विच ओढला आणि 'बघतो, बघतो' म्हणत सगळ्यांच्या आधी स्टार्टरचं झाकण काढलं. कपची उपसून खाली टाकली. खाली भुसा आणि कपच्यांचा ढीग होता. तसल्या हजार कपच्या. ती शोधायला आता मलाही जमलं नसतं.

साखरपुड्याला मी वेळेवर पोचलो. बायको फार खूश होती. सगळे म्हणत होते, तुमच्या अंगाला कसला वास येतोय.

दुसऱ्या दिवशी मोटर टेम्पोत घालून तारिहाळला भरायला, म्हणजे आतल्या तारा नव्यानं गुंडाळून घ्यायला, नेली. जळालेली मोटर भरणारा माणूस माझ्या जुन्या ओळखीचा. त्यानं ती खोलली आणि आतल्या तारांच्या गुंडाळ्या दाखवल्या. एक जोडी नव्यासारखी तांबूस, बाकीच्या कोळसा.

"एरड फेजम्याल ओडिसीरेन्री?" त्यानं विचारलं. दोन फेजवर चालवलीत काय? "स्टार्टर झोपला होता काय तुमचा?"

मी म्हटलं, "काय माहीत."

"बेअरिंग चांगली आहेत. पण मोटर भरताना मी बदलतोच. जुनी नेणार?"

तेवढ्यात सरांचा फोन आला. तिथं उभं राहून, त्या कोळशाकडे बघत, मी तो घेतला.

"काय निघालं रे?"

आदल्या रात्री मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. फार तर बोलतील. पण सरांचा आवाज इतका उत्सुक होता. त्यांना ऐकायचं होतं, 'फेजच गेला होता सर, तुम्ही बरोबर होता.' ते मी म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न स्टार्टरचा होता. मला एखादं असं कारण हवं होतं ज्यात कुणाचीच चूक नाही.

"बेअरिंग, सर. बेअरिंग धरलं आणि मोटर जळाली."



"बेअरिंग," ते म्हणाले. "बरं. जुनं बेअरिंग घेऊन ये."

बेअरिंगमध्ये कुणाची चूक नसते, असं मला वाटलं होतं. सरांच्या बाबतीत ती सरांचीच होती. सभागृहातल्या पंख्याचं बेअरिंग ज्याला आलाप चालू असताना ऐकू आलं, त्याला मांडीजवळच्या मोटरीचं ऐकू आलं नाही, हे मी त्यांना सांगून बसलो होतो. फोन खिशात ठेवतानासुद्धा हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

केलगेरीला ते ओसरीवर वाट बघत होते. मी बेअरिंग हातात दिलं. सरांनी ते रॉकेलमध्ये धुतलं, धोतराच्या सोग्याला पुसलं, बोटात धरून कानाशी नेलं आणि फिरवलं. डाव्या कानाशी. मग उजव्या. मग काकूंना स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करायला सांगितला आणि पुन्हा डावा.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय म्हणतंय ते?"

सरांनी बेअरिंग खाली घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मला तर हे चांगलं ऐकू येतंय रे."

त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं. होय म्हणायला मला तोंड होतं, जीभ होती.

"आतून गेलंय सर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. करवत लाकडात घाल, असं सांगताना हलवायचे तशीच. खडू जवळ नव्हता, नाहीतर तिथंच शून्य काढलं असतं.

मोटर भरून आली. मी बसवली. तारा जोडताना दोन उलटसुलट लागल्या आणि करवत उलटी फिरायला लागली. असा घोटाळा सरांना झोपेतही ऐकू आला असता. मी सरांकडे बघितलं. ते स्टुलावर होते, डोळे उघडे. "चालू आहे ना ठीक?" त्यांनी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मी बटण बंद केलं, तारा बदलल्या. त्यांनी का ते विचारलं नाही.

त्या मोटरीशी त्यांचं पुन्हा जमलं नाही. "जिचं दुखणं मला कळलं नाही, ती माझ्या हाताखाली नको," म्हणाले आणि नवी आणली. नव्या मोटरीबरोबर फेज गेला की लाल दिवा लागणारी पेटीही आणली. ती त्यांनी स्वतः निवडली. "आता हा दिवा बघत जा," मला म्हणाले. सकाळचं गप्प बसणं बंद झालं. गडी बिड्या ओढू लागले. खडू काही दिवस खिशात होता, मग तोही दिसेना.

मधे ते कान तपासून आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. सरांनी त्यातलं 'वयाच्या मानानं' एवढंच घरी आणलं. गाण्याला जायचे तेही सोडलं. एक दिवस करवतीचे कागद माझ्या नावावर करून दिले. मी नको म्हणालो. मनापासून म्हणालो, पण कारण सांगितलं नाही, त्यामुळे तो नुसता संकोच वाटला. "तुझे कान तरुण आहेत," ते म्हणाले. त्या करवतीवर माझ्या मुलीचं कॉलेज झालं. आज माझ्याकडे सगळे मेस्त्री म्हणून बघतात. मी दिवा बघतो.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा काकू स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाल्या आणि सर लगेच "काय गं?" म्हणत उठून गेले. काकूंनी मला चहा देताना हळूच सांगितलं, "हल्ली माझं सगळं ऐकतात. दोनदोनदा विचारून घेतात. मला नको झालंय बघ ते."

सर परत येऊन बसले. टेबलावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ते बेअरिंग ठेवलेलं असतं. इतक्या वर्षांत गंजलेलं नाही. सर त्याला तेल लावतात. मागच्या बाजूच्या शेतात कुणाचा तरी पंप चालू होता. चालता चालता त्याचा आवाज जाड झाला. सरांचा हात वर आला, अर्ध्यावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय सर?"

"काही नाही. मला वाटलं."

हात त्यांनी बेअरिंगवर ठेवला. थोड्या वेळानं तिकडे पंप बंद पडला आणि कुणीतरी कन्नडमधून फेजला शिव्या घालू लागलं. सर ते ऐकत होते की नाही, मला कळलं नाही. मी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, भुशाचं रिकामं पोतं काखेत घेतलं आणि निघालो.

ते बेअरिंग चांगलं होतं, सर. तुम्ही ऐकलंत तेच खरं होतं; मोटर मी जाळली. एवढं त्यांच्यासमोर, त्यांच्या ओसरीवर, तोंडानं बोलायचं मी देणं लागतो.